चकमक की टोपी? निपाणी-बेळगाव पट्ट्यातल्या जुन्या पिस्तुलांचा एक प्रश्न

हातातलं चांगलं चालणारं चकमकीचं पिस्तूल कारागिराकडं देऊन टोपीचं करून घ्यायचं की नाही? साधारण १८३० ते १८६० या तीस वर्षांत आपल्या भागातल्या ज्याच्या कमरेला किंवा जिनाला पिस्तूल होतं, त्या प्रत्येकाला कधी ना कधी हा निर्णय घ्यावा लागला. देसाई, इनामदार, संस्थानी शिलेदार, कंपनीच्या घोडदळातून निवृत्त झालेले रिसालदार, सगळ्यांनाच. इतिहासाच्या पुस्तकांत याला जागा मिळत नाही. तिथं लढाया असतात, तह असतात, खालसा झालेल्या जहागिरी असतात. पण ज्याने आयुष्यभर टूलरूममध्ये काम केलंय त्याला विचाराल तर मी म्हणेन, माणसं कशाला घाबरत होती आणि कशावर विसंबत होती हे तहनाम्यापेक्षा बंदुकीच्या चापावर जास्त स्वच्छ लिहिलेलं असतं.

निमित्त सांगतो. निपाणी भागातल्या एका जुन्या घरातलं पिस्तूल काही महिन्यांपूर्वी आमच्या मंडळातल्या मंडळींना बघायला मिळालं. घराचं नाव लिहीत नाही, त्यांचीही तीच इच्छा आहे. नळी नऊ इंच. मुठीच्या टोकाला पितळी टोपण. नळीच्या तोंडाशी गज अडकवलेला, तोही बिजागरीवर फिरणारा, म्हणजे घोड्यावर बसून दारू ठासताना हातातून निसटून खाली पडायला नको. चापाच्या लोखंडी पट्टीवर पुढचे पाय उचलून उभा असलेला, पंजात मुकुट धरलेला सिंह. ही ईस्ट इंडिया कंपनीची खूण. एकोणिसाव्या शतकाच्या पहिल्या दशकापर्यंत कंपनी बदामासारख्या आकाराचं, चार भाग केलेलं अक्षरी चिन्ह मारायची, त्यानंतर सिंह आला. म्हणजे पिस्तूल साधारण १८१० नंतरचं आणि मुळात चकमकीचं. पण आज त्याच्यावर चकमक नाही. तिच्या जागी टोपीचा घोडा आहे, आणि हा बदल कुणी विलायतेत केलेला नाही, हे बघताक्षणी कळतं.

घरात आता मतभेद आहेत. पुण्यात असलेल्या मुलाला ते परत चकमकीवर न्यायचंय, 'ओरिजिनल' करायचंय. थोरल्या काकांचं म्हणणं, नवं निपल बसवून घ्या, खंडेनवमीला शस्त्रपूजा झाली की पूर्वीसारखा एक बार काढू. आणि घरातल्या सूनबाई म्हणतात, आहे तसं राहू द्या. या तिघांच्या वादाचं उत्तर द्यायचं तर आधी दोनशे वर्षं मागं जावं लागतं.

तोडा का टिकला

आपल्याकडची मूळ बंदूक तोड्याची. तोडा किंवा जामगी म्हणजे सोऱ्यात भिजवलेली सुती वात. तिचं टोक धुमसत ठेवायचं, चाप ओढला की ते टोक रंजकदाणीत टेकतं, रंजक पेटते, तिची आग कानातून आत जाते आणि बार होतो. इंग्रज लेखक हे बघून नाकं मुरडायचे, की युरोपात चकमकीला शंभर वर्षं झाली तरी मराठे अजून तोड्यावरच! पण यात मागासलेपणा कमी आणि हिशोब जास्त होता. तोड्याच्या चापात बिघडायला आहे काय? एक वाकडी पट्टी आणि एक खिळा. गावचा लोहार अर्ध्या दिवसात दुरुस्त करून देतो. चकमकीला मात्र पोलादाची इंग्रजी व्ही अक्षरासारखी स्प्रिंग लागते, आणि स्प्रिंगचं पाणी देणं म्हणजे पोरखेळ नाही. जरा जास्त तापली तर मऊ पडते, कमी पडली तर थंडीच्या दिवसांत टाचणीसारखी तुटते. शिवाय गारगोटी ज्या पोलादी पट्टीवर आपटते ती झिजते, तिला नव्या पोलादाचा पातळ पत्रा जडवावा लागतो. गारगोटी आपल्या दख्खनच्या कातळात मिळते खरी, पण बंदुकीसाठी हवी तशी धारदार, एकसारखी चीप निघणारी गार इंग्लंडात सफोकमधल्या ब्रँडन गावाहून जगभर जायची.

म्हणून लांब बंदुकीला तोडा पुरेसा होता. १८२४ साली २३ ऑक्टोबरला कित्तूरच्या किल्ल्यापुढं कलेक्टर थॅकरे गोळी लागून पडला, तेव्हा कित्तूरकरांकडं विलायती शस्त्रांचा साठा होता म्हणून नाही. नळी लांब, भिंत जाड, नेम चांगला. पेटवण्याची तऱ्हा जुनी असली तरी गोळीला त्याचं काय?

पिस्तुलाचं तसं नाही. पिस्तूल कमरेला खोचायचं असतं. धुमसती वात शेल्यात खोचून घोड्यावर बसणारा माणूस मी तरी कल्पनेत आणू शकत नाही. तोड्याची पिस्तुलं अपवादाने सापडतात, पण ती कपाटात शोभणारी. झटकन काढायचं, लगेच उडवायचं, तर ठिणगी शस्त्राच्या आतच तयार व्हायला हवी. त्यामुळं ज्या मुलखात तोडा १८४० पर्यंत सर्रास होता, त्याच मुलखात पिस्तूल मात्र बहुतेक सगळं चकमकीचं, आणि म्हणून बहुतेक सगळं परक्याकडून आलेलं. विकत, लुटीत किंवा भेटीत. निपाणीला ते कसं आलं असेल याचं कोडं पडायचं कारण नाही. सिद्धोजीराव नाईक निंबाळकर, म्हणजे आप्पा देसाई निपाणकर, पेशव्यांचे सरलष्कर. १८०३ साली बाजीरावाला पुण्यात परत बसवायला वेलस्ली निघाला तेव्हा बापू गोखले आणि पटवर्धन यांच्याबरोबर देसायांचे स्वारही त्याला जाऊन मिळाले होते. कंपनीच्या छावणीशेजारी छावणी पडली की तंबूच्या दोरांबरोबर इतरही बऱ्याच गोष्टी इकडच्या तिकडं होतात.

पाऊस

आता टोपीकडं. स्कॉटलंडातला अलेक्झांडर फोर्साइथ नावाचा पाद्री पक्ष्यांच्या शिकारीचा शौकीन होता. चकमक पेटताना आधी रंजकेचा धूर उठतो, पक्षी तो बघून उडतो आणि गोळी मागून पोचते, याने तो वैतागला. आघात झाला की आपसूक भडकणारं रसायन रंजकेऐवजी वापरायची कल्पना त्याची, पेटंट १८०७ चं. पुढं दहापंधरा वर्षांत ते रसायन तांब्याच्या इवल्याशा टोपीत भरलं गेलं. टोपी एका पोकळ निपलवर बसवायची, वरून घोडा पडला की तिची आग थेट नळीत. उघडी रंजक नाही, गारगोटी नाही, वारा नाही, ओल नाही.

१८३४ साली वूलिचला इंग्रज सरकारने दोन्ही प्रकारच्या बंदुकींच्या प्रत्येकी ६,००० फैरी झाडून बघितल्या. चकमकीच्या ९२२ वेळा फुकट गेल्या, टोपीच्या फक्त ३६ वेळा. म्हणजे चकमक साधारण दर साडेसहा वेळांत एकदा दगा देणार, टोपी १६६ वेळांत एकदा. इंजिनिअर म्हणून सांगतो, एखाद्या यंत्राचा दगा एका बदलाने पंचविसाव्या हिश्शावर येतो असं भाग्य क्वचित वाट्याला येतं. लांब नळी, नवी मूठ, नक्षी, रुप्याचं काम हे सगळं एकीकडं आणि हा एक बदल एकीकडं.

आणि ही परीक्षा वूलिचच्या मैदानावरची. खऱ्या पावसातली परीक्षा १८४१ च्या मे महिन्यात चीनमध्ये कॅन्टनजवळ झाली. मद्रासच्या ३७ व्या पलटणीची एक तुकडी मुसळधार पावसात वाट चुकली. चकमकी भिजल्या, एक बार निघेना, भोवती हजारो गावकरी भाले घेऊन. संगिनी रोखून चौकोन करून ते शिपाई उभे राहिले, आणि शेवटी टोप्यांच्या बंदुका असलेल्या मरीन सैनिकांच्या दोन तुकड्यांनी त्यांना सोडवून आणलं. मद्रासच्या पलटणींचे शिपाई म्हणजे आपले शेजारीच. ही गोष्ट छावण्यांमधून फिरली नसेल असं मला वाटत नाही.

आता नकाशा डोळ्यांपुढं आणा. खानापूर, जांबोटी, चोर्ला, राम घाट, तिकडं चंदगड, आंबोली. जून ते सप्टेंबर या टापूत काडेपेटी पेटत नाही, तिथं उघड्या रंजकदाणीची काय कथा. १८४४ चं गडकऱ्यांचं बंड बघा. सामानगड, भुदरगड, पन्हाळा. सामानगड निपाणीपासून हाकेच्या अंतरावर म्हणा ना. बंड पेटलं ते पावसाळ्यात. बेळगावहून कुमक निघाली, पण सामानगड पडायला ऑक्टोबर उजाडला आणि पन्हाळा तर १ डिसेंबरला पडला. याची कारणं अनेक आहेत, नुसता पाऊस हे एक कारण सांगणं बाळबोध होईल. पण ज्याने तो पावसाळा चकमकीचं शस्त्र जवळ बाळगून काढला, त्याने पुढच्या मोसमाआधी कारागीर शोधला असणार, एवढं मी पैजेवर सांगायला तयार आहे.

बदल कसा व्हायचा

त्या निपाणीच्या पिस्तुलात काय काय केलंय ते बघू. चकमकीच्या चापावरची तीन अंगं काढून टाकायची: गारगोटी धरणारा जबडा असलेला घोडा, समोरची पोलादी पट्टी, आणि त्या पट्टीखालची छोटी स्प्रिंग. रंजकदाणी कानसून सपाट करायची. आतली यंत्रणा, म्हणजे मोठी स्प्रिंग आणि तिचे दाते, तशीच ठेवायची. इथंच खर्च वाचतो, कारण सगळ्यात अवघड भाग हाच असतो आणि तो विलायती आयता मिळालेला असतो.

मग कान. वर्षानुवर्षं आग ओकून नळीचा कान झिजून मोठा झालेला असतो, त्यातून बाराची ताकद वाया जाते. कारागीर हा कान आणखी रुंद करून त्याला आतून आटे पाडतो आणि त्यात ढोलकीच्या आकाराचा लोखंडी तुकडा फिरवून बसवतो. त्या ढोलकीवर निपल. बघा, एका कामात दोन दुखणी गेली! वरच्या प्रतीचं काम करायचं तर नळीचा मागचा भागच कापून नवा जोडायचा, पण त्याला चांगली लेथ आणि चांगला पैसा दोन्ही लागतं.

निपाणीच्या पिस्तुलात ढोलकीच आहे. पट्टीवर बुजवलेली भोकं स्पष्ट दिसतात. बुजवणाऱ्याने पितळ वापरलंय, लोखंडात पिवळे ठिपके. विलायती कारागीर असा आळस करत नाही, निदान ग्राहकाला दिसेल असा तरी नाही. ढोलकीच्या आट्यांचा गाळा भिंगातून बघितला तर एकसारखा नाही, म्हणजे टॅप हाताने कानसून केलेला. नवा घोडा मात्र सुंदर आहे. त्याचं नाक पोकळ वाटीसारखं, टोपी फुटली की तांब्याचे तुकडे बाजूला उडून डोळ्यात जाऊ नयेत म्हणून. आणि घोड्याच्या मानेवर, जिथं बोट टेकतं तिथं, कमळाच्या पाकळ्या कोरल्यात. हे काम शिकलगाराचं, लोहाराचं की छावणीतल्या एखाद्या आर्मररच्या हाताखाली शिकून बाहेर पडलेल्या माणसाचं, हे लोखंड सांगत नाही. इतकं मात्र कळतं, की या माणसाने टोपीचं विलायती शस्त्र प्रत्यक्ष बघितलं होतं, त्याच्याकडं विलायती हत्यारं नव्हती, आणि तरी काम दीडशेच्या वर वर्षं टिकलंय. उद्यमबागेतल्या आमच्या पिढीने जपानी मशीनचा सुटा भाग बघून तसाच स्वतः घडवला, त्याची ही आजोबा-पणजोबांची आवृत्ती.

टोपी कुणाच्या हातात

इथपर्यंत सगळं टोपीच्या बाजूचं. मग लोक कचरत का होते? कारण दारू घरात होते, टोपी घरात होत नाही.

सोरा, गंधक, कोळसा. यातलं काहीच आपल्याकडं अपूर्वाईचं नव्हतं. शिसं बाजारात. गारगोटी वेळप्रसंगी नदीच्या पात्रात. चकमकीचा धनी कुणाच्या दारात न जाता वर्षभर पिस्तूल चालवू शकत होता. टोपीला मात्र तांब्याच्या पत्र्याच्या एकसारख्या वाट्या आणि पाऱ्यापासून केलेलं जहाल रसायन लागतं, आणि ते कारखान्यातच होतं. टोप्या विलायतेहून जहाजाने येणार. बेळगाव छावणीचा माल वेंगुर्ल्याच्या बंदरात उतरून राम घाटाने वर यायचा, त्याच वाटेनं त्याही. म्हणजे टोपी बसवली की तुमच्या पिस्तुलाची किल्ली वेंगुर्ल्याच्या धक्क्यावर, कंपनी सरकारच्या खिशात.

आज आपण प्रिंटर स्वस्तात घेतो आणि शाईसाठी जन्मभर पैसे मोजतो, तसंच हे. फरक इतकाच की इथं शाई बंद केली तर राज्य जात होतं.

आणि ती बंद झालीच. निपाणीचंच घ्या. देसायांच्या मागं वारसाचा वाद पेटला, १८४१ साली किल्ल्यात अरब शिपायांनी ठाण मांडलं आणि त्यांना काढायला फौज आणावी लागली. पुढं जहागीर खालसा झाली. म्हणजे सत्तावन्न साल उजाडलं तेव्हा निपाणी इंग्रजांच्या मुलखात, आणि थोड्याच कोसांवरचं कागल कोल्हापूर संस्थानात. सीमेचा प्रश्न आपल्याला १ नोव्हेंबर १९५६ पासून माहीत, पण शस्त्राच्या बाबतीत तो त्याच्या शंभर वर्षं आधीपासून आहे.

१८५७ मध्ये शस्त्रं बाळगण्यावर, करण्यावर आणि विकण्यावर बंधनं घालणारा कायदा आला. शस्त्रं जमा करायचा हुकूम मुधोळ संस्थानातल्या हलगलीच्या बेडरांनी झुगारला. नोव्हेंबर १८५७ मध्ये फौजेने गाव जाळलं, पुढं एकोणीस जणांना फाशी दिलं. कन्नड लावण्यांत ती कथा आजही गायली जाते. पुढच्या वर्षी नरगुंदच्या बाबासाहेब भाव्यांचं बंड झालं आणि १२ जून १८५८ ला त्यांना बेळगावात फाशी दिलं. हलगलीच्या लोकांजवळची शस्त्रं काही फार भारी नव्हती. प्रश्न शस्त्राच्या किमतीचा नव्हताच. बेडराच्या हातातून बंदूक काढून घेणं म्हणजे सुताराची वाकस काढून घेण्यासारखं होतं.

१८७८ चा शस्त्र कायदा मी मुद्दाम शब्द-शब्द वाचलाय. त्यात दारूगोळ्याची व्याख्या करताना बंदुकीच्या टोप्या घातल्यात, बंदुकीच्या गारगोट्याही घातल्यात, पण शिसं, गंधक आणि सोरा यांना व्याख्येबाहेर ठेवलंय! कायदा लिहिणाऱ्याला यंत्र कळत होतं. सोरा शेतीला लागतो, गंधक औषधाला, शिसं हजार धंद्यांना. ते अडवता येत नाही आणि अडवायची गरजही नाही. ठिणगी अडवली की पुरे.

सरकारने स्वतःच्या शिपायांच्या बाबतीतही हेच केलं, आणि ते तर शस्त्रात उलटा फेरबदल करून. बंडानंतर हिंदी पलटणींना एन्फील्ड दिल्या त्या नळीतले पेच काढून गुळगुळीत केलेल्या. म्हणजे चांगल्या रायफलची मुद्दाम साधी बंदूक. दूरचा नेम धरायची सरकती माशीही काढून टाकलेली. त्याच सुमारास विलायतेत मात्र तोंडाकडून भरायच्या एन्फील्ड मागून उघडणाऱ्या करायचा घाट घातला होता. जेकब स्नायडरच्या योजनेने १८६६ पासून नळीचा मागचा तुकडा कापून तिथं बिजागरीचा ठोकळा बसवला, आणि जुन्याच बंदुका काडतुसावर चालू लागल्या. एकच बंदूक: एकीचं शहाणपण वाढवलं, एकीचं कमी केलं. शस्त्रात कोणता बदल करायचा हे कारागीर ठरवत नाही, हातात कुणाच्या जाणार ते ठरवतं.

पिस्तुलापुरता प्रश्न मात्र १८५० नंतर आपोआप संपत गेला. कोल्ट आणि ॲडम्सची रिव्हॉल्वरं आली. १८५६ मध्ये बोमाँट नावाच्या रॉयल इंजिनिअर्सच्या तरुण अधिकाऱ्याने ॲडम्सच्या चापात सुधारणा केली. आधी चाप ओढला की घोडा उठायचा आणि पडायचा, नेम धरायला उसंत नाही. बोमाँटने घोडा अंगठ्यानेही चढवता येईल अशी सोय दिली. (इंजिनिअरांचा उल्लेख आला की मी जरा सैल होतो, वाचकांनी चालवून घ्यावं.) पाच-सहा बार सलग देणारं शस्त्र बाजारात आल्यावर एकबारी पिस्तुलाला टोपी बसवण्यात अर्थ उरला नाही. ज्यांनी तोवर बदल केला नव्हता, त्यांचं पिस्तूल चकमकीसकट भिंतीवर गेलं. ज्यांनी केला होता, त्यांच्या टोप्या संपल्यावर तेही भिंतीवरच गेलं.

ठासणीची लांब बंदूक मात्र अजून आहे. खानापूर-चंदगड भागात पिकाच्या राखणीचा परवाना असलेल्या शेतकऱ्याकडं रानडुकरासाठी ती असते, आणि निवडणूक लागली की पोलीस ठाण्यात जमा होते. डुकरांना आचारसंहिता कळत नाही.

मग आता काय करायचं

परत त्या घरातल्या वादाकडं.

काकांचा प्रस्ताव आधी निकालात काढतो, कारण तो नुसता चुकीचा नाही, घातक आहे. दीडशे वर्षांचं लोखंड, हाताने पाडलेले आटे, आत गंज किती खोल गेलाय ते दिसत नाही. बार काढताना ढोलकी निसटली तर ती बाजूला उभ्या असलेल्याच्या कानशिलात जाईल. दुसरं म्हणजे कायदा. १९५९ च्या शस्त्र कायद्याचं ४५ वं कलम जुन्या, पुराणवस्तू म्हणून मोल असलेल्या किंवा नादुरुस्त शस्त्राला सूट देतं, पण अट अशी, की ते दुरुस्त करूनही अथवा न करताही बंदूक म्हणून वापरता येण्याजोगं नसावं. नुसतं जुनं असणं पुरत नाही. म्हणजे तुम्ही हौसेनं नवं निपल बसवलंत, की सुटीचा दावाच तुम्ही आपल्या हातानं पुसून टाकलात. आणि बसवणारा? पाचव्या कलमाप्रमाणं दुरुस्ती आणि फेरबदल करायलाही परवाना लागतो. ओळखीच्या टर्नरकडून 'एवढंसं काम' करून घेतलं तर २०१९ च्या दुरुस्तीनंतर कमीत कमी सात वर्षांची शिक्षा आहे. त्या गरीब टर्नरला यात ओढू नका.

मुलाचा प्रस्ताव सुशिक्षित वाटतो, म्हणून जास्त मोह पाडतो. बाहेरदेशी हौशी लोक असे चाप परत चकमकीवर नेतात. पण त्यासाठी ढोलकी काढावी लागेल, कान बुजवून नवा पाडावा लागेल, आणि तो कमळाचा घोडा काढून त्या जागी बाजारातला नवा ओतीव घोडा येईल. हाती काय लागेल? कंपनीने हजारोंनी केलेल्या पिस्तुलांपैकी आणखी एक, तेही अर्धं नकली. तशी अस्सल पिस्तुलं लंडनच्या संग्रहालयांत धूळ खात पडलीत. आणि गेलं काय? सफाई नसलेल्या हत्यारांनी आपल्याच मुलखातल्या कुणीतरी केलेलं काम, ज्याचा दुसरा कसलाच पुरावा शिल्लक नाही. त्याची सही नाही, हिशोबवहीत नाव नाही. पितळेचे ते पिवळे ठिपके हीच त्याची सही.

अस्सलपणा म्हणजे कारखान्यातून निघालेला पहिला दिवस, असं आपण का मानतो मला समजत नाही. वाड्याला नंतर बांधलेला सोपा आपण पाडत नाही.

शस्त्रात बदल करायची हौसच वाईट, असं मात्र मी म्हणत नाही. खेळातलं पिस्तूल बघा. निपाणीहून तासाभराच्या वाटेवरच्या कोल्हापूरची राही सरनोबत २०१८ च्या आशियाई स्पर्धेत २५ मीटर पिस्तूल प्रकारात सुवर्णपदक जिंकली. या खेळात चापाचं वजन किमान १,००० ग्रॅम हवं, मूठ मनगटाला टेकू देणारी नको, असे नियम काटेकोर आहेत. त्यातूनही सगळ्यात जास्त मेहनत होते ती मुठीवर. लाकूड तासायचं, पुट्टी भरायची, परत तासायचं, तळहाताच्या रेषा बसेपर्यंत. तिथं शस्त्र माणसाच्या हाताला जुळवून घेणं हेच काम आहे, आणि मूठ बिघडली तर नवी करता येते. घरातल्या जुन्या पिस्तुलाला हा नियम लावता येत नाही, कारण ते कुणाच्या हाताला जुळवायचं राहिलेलं नाही.

त्या घराला मी जे सुचवलं ते असं. सगळ्यात आधी नळी भरलेली नाही ना, ते बघा. लाकडी काठी आत टेकेपर्यंत सोडून खूण करा, तीच काठी बाहेरून नळीला लावून मागच्या टोकापर्यंतचं अंतर ताडून बघा. दोन-तीन बोटांचा फरक आला तर आत जुना बार असू शकतो, मग हात लावू नका, पोलिसांना आणि जाणकाराला बोलवा. जुनी दारू कोरडी राहिली तर म्हातारी होत नाही. त्यानंतर घरातल्या जुन्या परवान्याचे कागद शोधून डीसी ऑफिस गाठा, शहरात राहत असाल तर पोलीस आयुक्तालय. शस्त्राचं स्वरूप ठरवायचा अधिकार त्यांचा, आमच्या मंडळाचा नाही. बफिंग मशीन, ॲसिड, सॅंडपेपर यातलं काही लावू नका. हलकं तेल, सुती फडकं, कोरडी जागा, बस्स.

घरच्यांनी नळीची तपासणी केली, ती रिकामी निघाली. कागदांत आजोबांच्या नावचा एक परवाना सापडला, त्याचं पुढं नूतनीकरण झालेलं नाही. अर्ज केलाय, पिस्तूल ठाण्यात जमा आहे, पोच मिळाली आहे. जमा करण्याआधी आम्ही मोजमापं घेतली, चापाच्या दोन्ही बाजूंचे आणि त्या कमळाचे जवळून फोटो काढले.

असाच बदल केलेलं आणि परवाना असलेलं किंवा संग्रहालयात ठेवलेलं आणखी एखादं पिस्तूल वाचकांच्या पाहण्यात असेल, तर पट्टीवरची बुजवलेली भोकं कशाने बुजवली आहेत, लोखंडाने की पितळेने, आणि घोड्याच्या मानेवर काही कोरलंय का, एवढं जरूर कळवा. अशी पाच-सहा उदाहरणं गोळा झाली तर एकाच हाताची दोन कामं सापडण्याची शक्यता आहे.